घटातलं धान पिवळं का, आणि ते हिरवं कसं होतं

महालयेची अमावास्या सरली की दुसऱ्या दिवशी, आश्विन शुद्ध प्रतिपदेला, कोलकात्यातल्या मराठी घरांत घट बसतात. बाहेर रस्त्यारस्त्यावर मांडवांची शेवटची लगबग चालू असते. आत देवघरात पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरलं जातं, मधोमध कलश ठेवतात आणि शेजारी नंदादीप लावतात. तीन-चार दिवसांत कोंब वर येतात. दसऱ्याला तेच धान टोपीत खोवतात, केसांत माळतात. कोकणात आणि गोव्यात याला रुजवण म्हणतात, विदर्भात जवारे.

हे कोंब उंच, लवचिक आणि फिकट पिवळे असतात. तोच गहू गॅलरीतल्या कुंडीत पेरला तर बुटका आणि हिरवागार उगवतो. असं का, असं कोणी विचारलं तर आपण चटकन सांगतो, ‘ऊन मिळालं नाही म्हणून.’ उत्तर बरोबर आहे, पण फार लवकर थांबतं. त्या पिवळ्या पात्यात हिरव्या रंगाची तयारी जवळजवळ पूर्ण झालेली असते. अडलेली असते ती एकच पायरी, आणि ती प्रकाशाशिवाय ओलांडता येत नाही. ती कोणती, हे आपण घरच्या घरी टप्प्याटप्प्याने पाहू शकतो.

घट नऊ दिवस हलवायचा नसतो, आणि तो हलवावा असं मी सुचवणारही नाही. त्यासाठी पेरणीतून उरलेली मूठभर माती आणि धान्य वेगळ्या पसरट वाटीत घ्यावं. देवघराचा काळोख तसा अपुराच असतो. नंदादीप अखंड तेवत असतो, पूजेला दार उघडतं, दिवा लागतो. म्हणून घटातलं धान पुष्कळदा पूर्ण पिवळं न राहता पोपटीकडे झुकतं. आपल्या वाटीला मात्र खरा अंधार द्यायचा आहे.

आधी धान्याचं बघू. गहू, जव, मका, ज्वारी यांपैकी काहीही चालेल. अंकुरांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी जव आणि मका भरपूर वापरला आहे, कारण दोन्ही एकसारखे आणि जोमाने उगवतात. इथे ज्वारी-बाजरी बडाबाजारात मिळते. भात हवा असेल तर तो टरफलासकट हवा, आणि असं धान पूजेचं साहित्य विकणाऱ्या दशकर्मा भांडारात मिळतं. घरातला तांदूळ पेरून उपयोग नाही. उकडा तांदूळ उकडतानाच मेलेला असतो, आणि पॉलिश केलेल्या आतप तांदळाचा अंकुर गिरणीत निघून गेलेला असतो. बियाण्याच्या दुकानातून आणलेले दाणे गुलाबी किंवा निळसर दिसले तर त्यांना बुरशीनाशक चोळलेलं आहे असं समजावं. मुलांच्या हाताशी येणाऱ्या वाटीत ते नकोत.

दाणे रात्रभर पाण्यात भिजवावेत, सकाळी पाणी काढून टाकावं आणि अर्धा-पाऊण इंच मातीखाली पेरावेत. कोलकात्यात पूजेसाठी गंगामाटी सहज मिळते, पण ती फार बारीक पोताची असते. ओली झाली की घट्ट बसते, हवा कोंडते आणि दाण्यांना श्वास घेता येत नाही. तिच्यात निम्मी वाळू मिसळावी. आश्विनातसुद्धा इथली हवा दमट असते, त्यामुळे पाणी ओतू नये, फक्त शिंपडावं. अशा वाट्या बिघडतात त्या बहुतेक पाण्याच्या अतिरेकाने. दाण्याभोवती पांढरी बुरशी चढते, आंबूस वास येतो, आणि दोष मात्र आपण अंधाराला देतो.

वाटी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून खोकं कपाटात ठेवावं. नुसती खोली बंद करून भागत नाही. उत्तर कोलकात्यातल्या जुन्या घरांच्या खडखडीच्या खिडक्या बंद केल्या तरी पट्ट्यांमधून उजेड झिरपतो, आणि कोंबाला तेवढा पुरतो. मधेच पाणी शिंपडायचं असेल तर ते रात्री दिवे मालवून करावं. पाहण्यासाठी टॉर्चवर हिरव्या जिलेटिन कागदाचे चार-सहा थर गुंडाळून अगदी मिणमिणता उजेड घ्यावा. हिरवा उजेडच का, ते पुढे कळेल.

आता दाण्याच्या आत शिरू. पाणी मिळताच बीजांकुर जागा होतो आणि जिबरेलिन नावाचं संप्रेरक, म्हणजे वनस्पतीतलं निरोप पोचवणारं द्रव्य, सोडतो. दाण्याच्या पिठूळ भागाभोवती पेशींचा एक पातळ थर असतो. निरोप मिळाला की तो थर अमायलेज हे विकर बनवतो. विकर म्हणजे एखादी रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. अमायलेज पिठातल्या स्टार्चची साखर करतं. पुढचे बरेच दिवस कोंब याच शिदोरीवर जगतो. प्रकाशातून अन्न बनवायला त्याने अजून सुरुवातच केलेली नाही.

मातीतून वर येतं ते पान नसतं. ते असतं पानावरचं टोकदार आवरण, त्याला कोलिऑप्टाइल म्हणतात. मिटलेल्या छत्रीवर खोळ असावी तसं ते कोवळ्या पानाला मातीच्या घर्षणापासून जपतं. उजेडात हे आवरण लवकरच वाढायचं थांबतं आणि पान त्याला फाडून बाहेर येतं. अंधारात ते बरंच लांब होत जातं. मक्यात आणि ज्वारीत आवरणाखालचा दांडाही ताणला जातो.

ही उंची अशक्तपणातून येत नाही. अंधारातल्या रोपाच्या लेखी ते अजून मातीखालीच आहे. हातातली शिदोरी मर्यादित, आणि उजेड कुठे आहे ते ठाऊक नाही. अशा वेळी ते पानाची रुंदी, जाड पेशीभिंती, हिरवा रंग हा सगळा खर्च पुढे ढकलतं आणि सगळं बळ उंचीवर लावतं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. चौथ्या-पाचव्या दिवशी हिरव्या टॉर्चने पाहिलं तर पानं उभी सुरळी होऊन राहिलेली दिसतात. त्यांना उलगडायचीही घाई नसते.

सहाव्या दिवशी एक रोप उपटून दिवसाच्या उजेडात नीट निरखावं. ते वाटीत परत लावायचं नाही. तळाशी पान जवळजवळ पांढरं असतं, वर जाताना पिवळेपण गडद होतं. धान्याच्या रोपाचं पान बुडापासून वाढतं. म्हणजे टोकाच्या पेशी सर्वांत जुन्या, बुडाच्या सर्वांत कोवळ्या. एकाच पात्यावर बोट फिरवत गेलं की आपण पेशींच्या वयाच्या सगळ्या पायऱ्या चढत असतो. पुढे रंग एकसारखा भरत नाही, त्यामागेही हेच कारण आहे.

हा पिवळा रंग कॅरोटिनॉइडांचा. गाजराला, झेंडूला रंग देणारं हेच कुटुंब. हिरव्या पानातही ही द्रव्यं असतात, फक्त हिरव्याखाली झाकली जातात. पात्याच्या पेशींमध्ये बारीक कोश असतात. उजेडात वाढले असते तर ते हरितलवक, म्हणजे हिरवा रंग साठवणारे आणि प्रकाशातून अन्न बनवणारे कोश झाले असते. अंधारात ते अर्ध्यावर थांबतात. या थांबलेल्या कोशांना एटिओप्लास्ट म्हणतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पोटात नळ्यांची एक विलक्षण रेखीव जाळी दिसते, स्फटिकासारखी मोजूनमापून बांधलेली. पुढचा सगळा प्रसंग तिथेच घडणार आहे.

हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, बनवण्याची साखळी एटिओप्लास्टमध्ये अंधारातही चालू असते. सुरुवात होते ग्लुटामिक आम्लापासून, म्हणजे प्रथिनांमध्ये सर्रास आढळणाऱ्या एका अमिनो आम्लापासून. त्यातून एक छोटा रेणू बनतो, त्याचं आटोपशीर नाव एएलए. असे 8 रेणू जोडले जाऊन एक मोठं कडं तयार होतं. त्या कड्याच्या मधोमध धातूचा एक अणू बसायला जागा असते.

इथे वाट फुटते. मधे लोह बसलं तर हीम तयार होतं. आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये हाच गट असतो. मधे मॅग्नेशियम बसलं तर वाट हरितद्रव्याकडे वळते. रक्ताचा लाल आणि पानाचा हिरवा हे दोन रंग एकाच कड्यातून निघतात, हे शाळेच्या पुस्तकात ठळक अक्षरात यायला हवं असं मला वाटतं. रोपाला दोन्ही लागतात. हीम त्याच्या श्वसनाच्या कामी येतं.

मॅग्नेशियम बसल्यावर आणखी दोन-तीन फेरफार होतात आणि साखळी प्रोटोक्लोरोफिलाइड या रेणूवर येऊन थांबते. हरितद्रव्याच्या अगदी उंबरठ्यावरचं हे द्रव्य. त्याच्या एका कोपऱ्यात कार्बनच्या दोन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. तो एकेरी करायचा, म्हणजे तिथे हायड्रोजनचे दोन अणू बसवायचे, एवढंच काम उरतं. हे काम करणाऱ्या विकराचं संक्षिप्त नाव पीओआर. प्रोटोक्लोरोफिलाइड, पीओआर आणि हायड्रोजन पुरवणारा तिसरा रेणू हे तिघं त्या जाळीत एकमेकांना बिलगून तयार बसलेले असतात. सगळं जागच्या जागी असतं, तरी अंधारात काही घडत नाही. पीओआरला काम करायला प्रकाशच लागतो. ज्यांना थेट प्रकाशाने चालना मिळते अशी विकरं सजीवसृष्टीत मोजकीच आहेत, त्यांतलं हे एक.

सगळ्या वनस्पतींचं असं नाही. पाइनची रोपटी गडद अंधारातही हिरवी होतात. त्यांच्याकडे आणि शेवाळांच्या अनेक जातींकडे हीच पायरी अंधारात ओलांडणारं दुसरं, वेगळ्या घडणीचं विकर असतं. सपुष्प वनस्पतींच्या वंशात ते गमावलं गेलं. गहू, मूग, झेंडू, आंबा, सगळे त्यामुळे प्रकाशावर अवलंबून. कोबीच्या गड्ड्याचा आतला भाग पांढरा राहतो तो याच कारणाने.

आता एक शंका येईल. अंधारात साखळी चालूच असते, तर प्रोटोक्लोरोफिलाइडचा ढीग का साचत नाही? कारण रोप स्वतःच हात आखडतं. हे द्रव्य पुरेसं जमलं की एफएलयू नावाचं प्रथिन साखळीच्या अगदी सुरुवातीला, एएलए बनण्याच्या जागी, लगाम घालतं. या प्रथिनाचा शोध 2001 साली झुरिकच्या शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात लावला. जवाच्या टायग्रिना नावाच्या वाणांत हाच लगाम बिघडलेला असतो. ते वाण दिवस-रात्रीच्या फेऱ्यात वाढवले की पात्यांवर वाघासारखे आडवे फिकट पट्टे उमटतात. प्रत्येक रात्री रंग जास्त साचतो आणि प्रत्येक सकाळी तेवढी पेशी भाजून निघते.

भाजून निघते हे अक्षरशः खरं आहे. प्रोटोक्लोरोफिलाइड प्रकाश शोषतं. ते पीओआरच्या पकडीत असेल तर शोषलेली ऊर्जा कामी येते. सुटं असेल तर ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला मिळते आणि ऑक्सिजनचं एक तापट रूप तयार होतं. ते आजूबाजूची पटलं आणि प्रथिनं जाळत सुटतं. म्हणून रोप गरजेपुरतंच बनवतं आणि थांबतं. पिवळ्या पात्यात या द्रव्याचा साठा नेहमी अगदी थोडा असतो, पूर्ण हिरव्या पानातल्या हरितद्रव्याच्या मानाने नगण्य. हे ध्यानात ठेवलं तर पुढच्या बहुतेक चुका टळतात.

वाटी बाहेर काढायला सहावा-सातवा दिवस उत्तम. सप्तमीच्या पहाटे गंगेवर नवपत्रिकेचं स्नान होतं, तो मुहूर्त सोयीचा आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कोलकात्यात साधारण साडेपाचला उजाडतं, मुंबईपेक्षा जवळजवळ तासभर आधी. म्हणजे निरीक्षणाला पूर्ण दिवस हाती राहतो. वाटी उत्तरेच्या खिडकीत किंवा गॅलरीत सावलीला ठेवावी. थेट उन्हात नको.

पहिली क्रिया डोळ्यांनी दिसत नाही, कारण ती सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आत उरकते. प्रकाश पडताच पीओआर दोन हायड्रोजन बसवतं आणि प्रोटोक्लोरोफिलाइडचं क्लोरोफिलाइड होतं. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा एक झोतही साठ्याचा बराचसा भाग बदलून टाकतो. या क्रियेला लाल आणि निळा प्रकाश मानवतो, हिरवा सर्वांत कमी. मघाच्या टॉर्चवर हिरवा कागद गुंडाळला तो यासाठी. अर्थात भरपूर हिरवा प्रकाश दिला तर तोही परिणाम करणारच, म्हणून तो मिणमिणता हवा.

यानंतरच्या काही मिनिटांतली हालचाल 1957 साली काझुओ शिबाता या जपानी शास्त्रज्ञाने टिपली. नव्याने बनलेलं क्लोरोफिलाइड सुरुवातीला 684 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा लाल प्रकाश सर्वाधिक शोषतं. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, आणि प्रकाशाचा रंग त्याच्या तरंगलांबीने ठरतो. अर्ध्या तासाच्या आत हे शोषण 672 च्या आसपास सरकतं. याला शिबाता सरक म्हणतात. या काळात ती रेखीव जाळी विस्कटू लागते, क्लोरोफिलाइड पीओआरच्या पकडीतून सुटतं आणि त्याला फायटॉल नावाची लांब, तेलकट शेपटी जोडली जाते. या शेपटीमुळे ते पटलात रुतून राहतं. शेपटी जोडली गेली की ते खरं हरितद्रव्य, क्लोरोफिल ए.

यानंतर काही तास पात्यात फरक दिसत नाही. धीर सुटतो तो इथेच. सात वाजता बाहेर ठेवलेली वाटी नऊ वाजताही पिवळी दिसते. मग वाटतं की उजेड कमी पडला, आणि वाटी उचलून कडक उन्हात ठेवली जाते. दुपारपर्यंत टोकं पांढरी पडून सुकतात. उजेड कमी पडलेला नव्हता. पहिला छोटा साठा क्षणात वापरून झालेला होता आणि पुढच्या उत्पादनाची जमवाजमव चालू होती. तिला साधारण दोन ते चार तास लागतात. थोराड रोपांना त्याहून जास्त.

या तासांत काय चालतं ते समजून घेण्यासारखं आहे. साठा संपल्यामुळे एफएलयूचा लगाम सुटतो आणि एएलए पुन्हा बनू लागतं. दुसरीकडे फायटोक्रोम जागं झालेलं असतं. फायटोक्रोम म्हणजे रोपाला लाल उजेडाची वर्दी देणारं प्रथिन. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या शास्त्रज्ञांना 1959 साली ते उपकरणावर प्रथम दिसलं, आणि तेही अंधारात वाढवलेल्या मक्याच्या कोंबांत. पिवळ्या कोंबात हिरवा रंग आड येत नाही, म्हणून ते दिसू शकलं. जागं झालेलं फायटोक्रोम पेशीच्या केंद्रकात जाऊन अंधारातल्या वाढीचा कार्यक्रम बंद करतं आणि उजेडातल्या वाढीची जनुकं उघडतं. हरितद्रव्याला धरून ठेवणारी प्रथिनं बनू लागतात, जाळीच्या जागी चपट्या पटलांच्या चवडी उभ्या राहतात. सुरळी झालेलं पान उलगडू लागतं, आणि ते मात्र आपल्याला दिसतं. म्हणून या तासांत रंगाकडे पाहू नये, पानाच्या कडांकडे पाहावं.

फायटोक्रोमचा वाटा तपासायचा असेल तर दोन वाट्या ठेवाव्यात. एकीला षष्ठीच्या रात्री पाच मिनिटं मंद लाल उजेड द्यावा, टॉर्चवर लाल जिलेटिन गुंडाळलं की झालं, आणि ती पुन्हा अंधारात ठेवावी. दुसरी तशीच राहू द्यावी. सकाळी दोन्ही एकदम बाहेर काढल्या तर पहिली लवकर हिरवी होते. रात्रभरात तिची जमवाजमव उरकलेली असते. एवढ्याशा उजेडाने हिरवा रंग बनत नाही, पण रंगाची वाट मोकळी होते. हा प्रयोग सोपा आहे आणि माझ्या मते सगळ्यांत सुंदर.

दुपारनंतर रंग भरू लागतो आणि मग वेगाने भरतो. आधी क्लोरोफिल ए, त्यामागोमाग बी. दोघांच्या रेणूत फरक एका टोकाचा, पण बीमुळे पानाला प्रकाशाचे आणखी काही रंग शोषता येतात. संध्याकाळपर्यंत पाती पोपटी होतात. दुसऱ्या दिवशी हिरवी, तिसऱ्या दिवशी भरघोस. बुडाकडचा, आवरणात लपलेला भाग फिकटच राहतो. तिथे उजेड पोचत नाही आणि पेशीही अजून कोवळ्या असतात.

रंग भरत असतानाच, काही तासांत, पात्यातून ऑक्सिजन बाहेर पडू लागतो. म्हणजे रोप आता शिदोरीवरून स्वतःच्या कमाईवर येत असतं. ही क्रिया मोजण्याची मोठी परंपरा याच शहरात आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या तळ्यांत सहज सापडणारी हायड्रिला ही पाणवनस्पती घेऊन, तिच्यातून निघणारे ऑक्सिजनचे बुडबुडे आपोआप नोंदवणारं यंत्र बनवलं होतं. प्रकाशसंश्लेषणावरचं त्यांचं पुस्तक 1924 साली निघालं. राजाबाजारजवळ त्यांनी 30 नोव्हेंबर 1917 रोजी, आपल्या वाढदिवशी, स्थापन केलेली बोस संस्था आजही काम करते आहे. वनस्पतीच्या आत चाललेलं, डोळ्यांना न दिसणारं काम कागदावर उमटवायचं, हा त्यांचा ध्यास होता. आपली वाटी त्याच वाटेवर आहे.

जमलेला रंग निराळा काढून पाहायचा असेल तर चार पिवळी आणि चार हिरवी पाती कापून वेगवेगळ्या काचेच्या पेल्यांत घ्यावीत. त्यांवर पाती बुडतील एवढं स्पिरिट ओतावं आणि पेले गरम पाण्याच्या भांड्यात उभे करावेत. स्पिरिट पटकन पेट घेतं. शेगडी बंद करून, पाणी बाजूला आणून मगच हे करावं. नंदादीपापासून लांब, खिडकी उघडून, आणि मुलं असतील तर मोठ्या माणसाच्या हातानेच. अर्ध्या तासात एका पेल्यात पिवळं पाणी उतरतं, दुसऱ्यात हिरवं.

आता खोलीत अंधार करावा आणि नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चचा झोत हिरव्या पेल्यात बाजूने सोडावा. पाणी रक्तासारखं लाल चमकतं. पानात असताना जी ऊर्जा कामी लागली असती, ती इथे कामाला कोणी नसल्यामुळे लाल प्रकाश होऊन बाहेर पडते. सुट्या रंगाचा पेशीला धोका का, हे मघाशी पाहिलं. ऊर्जा वाया कशी जाते, ते इथे दिसतं.

आणखी काही अडचणी. दहा-बारा दिवसांहून जास्त काळ अंधारात राहिलेली रोपं नीट हिरवी होत नाहीत. शिदोरी संपत आलेली असते आणि टोकाकडच्या पेशी म्हाताऱ्या झालेल्या असतात. दोन आठवड्यांच्या आसपास ती माना टाकतात, मग कितीही उजेड दिला तरी उपयोग नाही. घटातलं धान दसऱ्यापर्यंत टिकतं, कारण नऊ दिवस या मर्यादेच्या आत बसतात.

थंडीचाही परिणाम होतो. आश्विनात कोलकात्यात तो प्रश्न येत नाही. पण हाच प्रयोग पौषात, महाराष्ट्रातल्या निफाडसारख्या ठिकाणी केला, तर रंग फार सावकाश भरतो. साखळीतली विकरं थंडीत मंदावतात, आणि पिवळ्या पात्यावर त्याच वेळी ऊन पडलं तर ते अधिक घातक ठरतं. अति उष्णताही तशीच वाईट. पत्र्याच्या छपराखाली तापलेल्या जागी वाटी ठेवू नये.

खत घालण्याची गरज नाही. पहिल्या आठवड्यापुरतं मॅग्नेशियम, लोह आणि नत्र दाण्यातच असतं. पुढे कुंडीत वाढवताना कोवळी पानं शिरांच्या मधे पिवळी पडली तर लोह कमी पडतंय असं समजावं. हरितद्रव्यात लोह नसतं, पण ते बनवणाऱ्या साखळीतल्या एका विकराला लागतं. एखादंच रोप सावलीत, उन्हात, कुठेही ठेवलं तरी पांढरंफटक राहिलं तर तो जन्मजात दोष आहे, आपली चूक नाही. शिदोरी संपली की ते जातं.

घरात फक्त ट्यूबलाइट असेल तरी वाटी हिरवी होते, कारण रंग बनायला उजेड थोडाच पुरतो. जगायला मात्र तेवढा पुरत नाही. म्हणून हिरवी झालेली वाटी दोन दिवस सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि मग मोकळ्या उन्हात न्यावी. खिडकीकडे झुकली तर रोज वाटी थोडी फिरवावी. हे झुकणं निळ्या प्रकाशामुळे होतं, त्याला वेगळी प्रथिनं आहेत, आणि हरितद्रव्याशी त्याचा थेट संबंध नाही.

दशमीला घट उठवल्यावर धान वाटून उरलं, तर मका आणि ज्वारी मोठ्या कुंडीत लावता येते. मुळांची माती झाडू नये, आणि लांबलेला पांढरा दांडा मातीखाली जाईल एवढं खोल लावावं, नाहीतर रोप आडवं पडतं. अंधारात वाढलेलं पहिलं पान हिरवं झालं तरी अरुंदच राहतं. त्यावरून निराश होऊ नये. दुसरं पान उजेडातच बाहेर येतं. ते रुंद आणि सुरुवातीपासून हिरवं निघालं तर रोप लागलं, असं समजून पुढचं पाणी द्यावं.